पहिली शिकार आणि आजोळ

शिकारकथा हा प्रकार समीक्षेच्या पंक्तीत सहसा मानाच्या पाटावर बसत नाही. थरार हा तिचा प्राण. आणि थरार एकदा ओसरला की मागे काय उरते, असा प्रश्न विचारून तिची बोळवण करण्यात येते. हा आक्षेप अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ह्या प्रकाराची एक शाखा अशी आहे की जिला तो लागू पडत नाही. घरातील पोराला वडीलधारी माणसे प्रथमच शिकारीस नेतात अशी जी कथा, तिच्यात जनावर पडले की निसटले ह्याला दुय्यम महत्त्व असते. पोराला कोणी नेले, त्याला इजा झाली तेव्हा शेजारी कोण होते, आणि घरी परतल्यावर ती हकीकत कोणी ऐकून घेतली, ह्या तीन गोष्टींवर तिचे सारे वजन पडते. असल्या कथेचा खरा विषय वडीलधाऱ्यांचे मन हा असतो, असे आमचे मत आहे. ते पारखून पाहण्यासाठी रानडुकराच्या शिकारीचे तीन ग्रीक प्रसंग आम्ही येथे घेत आहोत. त्यांनी उभा केलेला प्रश्न आपल्याही वाङ्मयात एका महाकवीने हाताळला असल्यामुळे शेवटी कालिदासाकडे वळणे आम्हांस अपरिहार्य वाटते.

रानडुक्करच का, ह्याचा खुलासा आधी करावयास हवा. हरणाच्या शिकारीत जिवाचा धोका बहुधा हरणालाच असतो. सिंहाची शिकार राजेरजवाड्यांची. रानडुक्कर मात्र शेताच्या बांधापलीकडल्या जाळीत राहते, उभे पीक उकरते, आणि कोंडले गेले म्हणजे पळण्याऐवजी अंगावर येते. झेनोफनच्या नावावर असलेल्या मृगयेवरील ग्रंथात ह्या शिकारीची तयारी बारकाईने सांगितली आहे. तिच्यासाठी लागणाऱ्या कुत्र्यांच्या यादीत पहिले नाव हिंदुस्थानी कुत्र्यांचे आहे, हे आपल्या वाचकांस गमतीचे वाटेल. भाल्याच्या पात्याखाली दोन्ही बाजूंस भक्कम दात असावेत, म्हणजे मुसंडी मारणारे जनावर दांड्यावरून पुढे सरकत येत नाही, असे तो सांगतो. भाला हातून निसटलाच तर शिकाऱ्याने पालथे पडून जमीन घट्ट धरावी. सुळे वर वळलेले असल्यामुळे भुईसरपट पडलेल्या अंगाखाली ते सहजी शिरत नाहीत. मग सोबत्याने पुढे होऊन जनावराला आपल्याकडे वळवावयाचे. येथे सोबत्याची गरज शोभेपुरती नाही. त्याच्यावाचून पडलेला माणूस उठत नाही. मॅसिडोनियात तर जाळे न लावता रानडुक्कर मारल्यावाचून पुरुषाला जेवणावेळी मंचकावर आडवे होण्याचा अधिकार मिळत नसे, आणि म्हणून कॅसँडर पस्तिसाव्या वर्षीही बापाच्या शेजारी बसूनच जेवत असे, अशी एक जुनी नोंद आहे. ज्या समाजात प्रौढत्वाची पावती ह्या जनावराकडून घ्यावी लागे, त्या समाजातील बापाची आणि आजोबाची मनःस्थिती काय असेल, हे कवींनी आणि इतिहासकारांनी कसे टिपले आहे ते आता पाहू.

पहिला प्रसंग होमरच्या 'ओडिसी'च्या एकोणिसाव्या सर्गातील. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात स्वगृही आलेल्या ओडिसियसचे पाय म्हातारी दाई युरिक्लिया धूत आहे. गुडघ्याच्या वरच्या वणाला तिचा हात लागतो, आणि त्या क्षणी कवी कथा थांबवून त्या वणाचा वृत्तान्त सांगू लागतो. हा वृत्तान्त शिकारीपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो बारशापासून. मातामह ऑटोलिकस इथाकेत आला असता जेवण आटोपल्यावर त्याच्या मांडीवर दाईने नुकतेच जन्मलेले मूल ठेवले आणि नातवाला नाव शोधा म्हणून सांगितले. आपल्याकडे हा मान आत्याचा. तेथे तो आईच्या बापाने घेतला. चोरी आणि शपथांची कसरत ह्या दोन विद्यांत नाणावलेल्या त्या आजोबाने स्वतःच्या वाट्यास आलेल्या वैरावरून नातवाचे नाव ठेवले, आणि सांगितले की पोर वयात आला म्हणजे त्याला पार्नाससच्या पायथ्याशी आपल्या घरी पाठवा. त्याला भेटी देऊन आनंदाने परत धाडीन.

म्हणजे शिकारीचे आमंत्रण पाळण्यातच दिले गेले होते. पोर मोठा होतो आणि आजोळी जातो. तेथे मामा हात हातात घेतात, आजी अँफिथिया त्याला कवटाळून त्याच्या मस्तकाचे आणि दोन्ही डोळ्यांचे मुके घेते, पाच वर्षांचा बैल कापला जातो, सूर्यास्तापर्यंत जेवणावळ चालते. दुसऱ्या दिवशी पहाटे मामा, भाचा आणि कुत्री डोंगर चढू लागतात. ओलसर वारा, ऊन आणि पाऊस ह्यांपैकी काहीही आत शिरू शकणार नाही अशा दाट जाळीत, पालापाचोळ्याच्या थरावर, ते प्रचंड जनावर पडलेले असते. पावलांचा आवाज ऐकून ते बाहेर येते. मानेवरचे केस ताठ, डोळ्यांत आग. पहिली धाव भाचा घेतो. परंतु जनावर त्याच्याहून चपळ ठरते. आडव्या मुसंडीने ते गुडघ्यावरचे मांस फाडते, हाडापर्यंत मात्र सुळा पोहोचत नाही. त्याच वेळी पोराचा भाला त्याच्या उजव्या खांद्यातून आरपार जातो. एवढ्यात सारे संपते. ह्यानंतर मामा जखम बांधतात, मंत्र म्हणून रक्त थांबवितात आणि त्याला घरी आणतात. आजोबा जखम बरी होईपर्यंत ठेवून घेतात, कबूल केलेल्या भेटी देतात आणि इथाकेस रवाना करतात. आईबाप आनंदतात, वणाविषयी खोदून खोदून विचारतात, आणि तो सारे नीट सांगतो.

ह्या वृत्तान्तावर विसाव्या शतकातील एक विख्यात समीक्षालेख उभा आहे. एरिख आउएरबाख ह्यांनी १९४२ ते १९४५ ह्या काळात इस्तंबूलमध्ये लिहिलेल्या आणि १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिमेसिस' ह्या ग्रंथाचे पहिले प्रकरण ह्या वणाविषयीच आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : होमरच्या कथनात सारे काही पुढच्या बाजूस, सारख्या उजेडात असते, मागे अंधार राहत नाही, आणि म्हणूनच ही शिकारकथा मूळ प्रसंगाला खोली देत नाही, ती तेवढा वेळ रंगभूमी स्वतःच व्यापून टाकते. तुलनेसाठी त्यांनी बायबलमधील अब्राहाम व इसहाक ह्यांची कथा घेतली आहे. तेथे बाप मुलाला घेऊन तीन दिवस चालतो, आणि त्याच्या मनात काय आहे ते कथा सांगत नाही. दोन शैलींतील हा भेद आउएरबाखांनी ज्या सूक्ष्मतेने दाखविला आहे तिच्याविषयी आम्हांस आदर आहे. होमर दडवीत नाही हे त्यांचे निरीक्षण यथार्थच आहे.

परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष आम्हांस पटत नाही. ज्या दोन कथा त्यांनी समोरासमोर ठेवल्या त्या दोन्ही कथांत वडीलधाऱ्यांच्या हाती सोपविलेले पोर डोंगराकडे चालले आहे, ह्या साम्यावर त्यांनी भर दिलेला नाही. तो दिला असता तर होमरची कथा कोणाच्या बाजूने सांगितली आहे हा प्रश्न उभा राहिला असता. बाळाला आजोबांच्या मांडीवर ठेवणारी स्त्री कोण? वणावर हात ठेवणारी हीच दाई. कथेचा आरंभ तिच्या हातांपासून आहे आणि शेवटही तिच्याच हातांत आहे. ज्या मुलाला तिने सोपविले ते आजोळाहून जखम घेऊन परत आले. ती जखम तिच्या घरची झाली. म्हणून वृत्तान्त संपताच पाय तिच्या हातून सुटतो, भांडे कलंडते, पाणी सांडते, आणि आनंद व दुःख एकाच वेळी तिच्या मनात शिरतात. मधल्या ओळींत कवीने आपल्याला दूर नेले नव्हते; म्हातारीच्या बोटांना जे ठाऊक होते ते त्याने आपल्याला ठाऊक करून दिले. कथन पुढच्या बाजूस आहे हे खरे, पण त्या पुढच्या बाजूला एक माणूस बसलेले आहे.

ह्याच वणाचा पुढचा उल्लेख अधिक बोलका आहे. शेवटच्या, चोविसाव्या सर्गात वृद्ध बाप लेअर्टीझ खूण मागतो. ओडिसियस प्रथम वण दाखवितो. पण तेवढ्यावर थांबत नाही. लहानपणी बागेतून बापाच्या मागे मागे हिंडताना आपण एकेका झाडाचे नाव विचारीत होतो आणि बापाने ती झाडे आपल्याला देऊ केली, ह्याची तो आठवण देतो : तेरा नासपतीची, दहा सफरचंदाची, चाळीस अंजिराची, आणि द्राक्षवेलींच्या पन्नास ओळी. वण मामांच्या संगतीचा, झाडे बापाच्या संगतीची. एका शिक्षणात रक्त आहे, दुसऱ्यात मोजदाद आणि नावे आहेत. आणि होमरने बापलेकांच्या भेटीच्या क्षणी ती दोन्ही शेजारी ठेवली आहेत. शिकारीच्या कथेला असा तोल क्वचितच लाभतो.

दुसरा प्रसंग झेनोफनच्या 'सायरसचे शिक्षण' ह्या ग्रंथातील. हा ग्रंथ इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील. इतिहासापेक्षा आदर्श राजाचे चित्र रेखाटणे हा त्याचा हेतू. योगायोग असा की येथेही आजोळच आहे. बारा वर्षांच्या सुमाराचा सायरस मीडियात मातामह ॲस्टायजीझकडे राहावयास येतो. राजवाड्याच्या बागेतील जनावरे मारून संपली म्हणजे त्याला रानात जावेसे वाटते. आजोबा परवानगी देतात, पण मामाला सोबत धाडतात आणि वयस्क घोडेस्वारांचा पहारा देतात. पोर वाटेत शहाण्यासारखे विचारते की कोणत्या जनावरांपासून दूर राहावे. अस्वल, रानडुक्कर, सिंह, बिबळ्या ह्यांनी अनेकांचे प्राण घेतले आहेत, असे उत्तर मिळते. इतक्यात एक हरीण उसळते, आणि ऐकलेले सारे विसरून पोर घोडा फेकते. घोडा गुडघ्यांवर कोसळतो, सायरस मानेवरून खाली यावयाचा कसाबसा वाचतो. पहारेकरी रागावत असतानाच रानडुक्कर समोरून धावत येते. तो त्याच्यावर चाल करून जातो आणि कपाळात भाला मारून त्याला लोळवितो. आता मामाही रागावतो.

ह्यापुढचा संवाद झेनोफनच्या लेखणीचे खरे सामर्थ्य दाखवितो. सायरस म्हणतो की ही शिकार आजोबांना माझ्या हाताने देऊ द्या. मामा म्हणतो की तू जनावराच्या मागे धावलास हे त्यांना कळले तर तुझ्याबरोबर मलाही बोलणी बसतील. पोराचे उत्तर असे की एकदा देऊन झाल्यावर ते हवे तर मला फटके मारोत, आणि मामा, तुम्हीही हवी ती शिक्षा करा. एवढे मात्र करू द्या. अखेरीस मामा शरण जातो : कर तुझ्या मनासारखे, आता आमचा राजा तूच दिसतोस. घरी आल्यावर सायरस रक्ताने माखलेले भाले दाखवीत नाही. आजोबांच्या दृष्टीस सहज पडतील अशा जागी ते ठेवून देतो. आजोबा म्हणतात की तू दिलेले मी आनंदाने घेतो, पण तुझा जीव धोक्यात घालून मिळणाऱ्या कशाचीही मला गरज नाही.

आदर्श राजाच्या चरित्रात हा प्रसंग शौर्याचे उदाहरण म्हणून घातला आहे, ह्यात शंका नाही. परंतु आमच्या मनात राहतो तो पोराचा भाला नव्हे, मामाची अडचण राहते. पोर त्याच्या स्वाधीन केले आहे. ते त्याच्या हाताबाहेर गेले. ते जिवंत आहे ह्याचा आनंद, आणि आजोबांना काय सांगावे ही धास्ती. ज्याने कोणी दुसऱ्याच्या पोराला नदीवर, डोंगरावर किंवा जत्रेत नेले आहे त्याला ही स्थिती परकी वाटणार नाही. आणि भाले सहज दिसतील असे ठेवण्याची ती बालसुलभ युक्ती! बढाई मारावयाची नाही, पण न विचारता राहता कामा नये. एवढ्या एका तपशिलाने आदर्शाचे चित्र जिवंत होते.

तिसरा प्रसंग ह्या दोहोंच्या अगदी उलट बाजूचा आहे. हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या पहिल्या भागात लिडियाचा राजा क्रीसस आणि त्याचा मुलगा ॲटिस ह्यांची हकीकत दिली आहे. ॲटिस बालक नाही, नुकतेच लग्न झालेला तरुण आहे. पण बापाने त्याला मूल करून ठेवले आहे. लोखंडी टोकाच्या शस्त्राने हा मुलगा मरेल असे स्वप्न पडल्यापासून क्रीससने त्याचे लग्न उरकले, त्याला सैन्याबरोबर पाठविणे बंद केले, आणि भिंतीवरचा एखादा भाला अंगावर पडेल ह्या भयाने पुरुषांच्या दालनांतील सारी शस्त्रे आतल्या खोल्यांत रचून ठेवली. मिसियाच्या डोंगरातून उतरून एक अजस्र रानडुक्कर लोकांची शेते उद्ध्वस्त करू लागते. गावकरी राजाकडे येतात आणि राजपुत्राला, निवडक जवानांना व कुत्र्यांना पाठवा म्हणतात. राजा जवान देतो, मुलगा देत नाही.

मग मुलगा बापापुढे उभा राहतो. मी चौकातून जाता-येता लोकांना कोणते तोंड दाखवू, नव्या नवरीला आपला नवरा कसा वाटत असेल, असे तो विचारतो. बाप स्वप्न सांगतो. मुलगा म्हणतो : डुकराला हात कोठे असतात? त्याच्याजवळ लोखंडी टोक कोठले? स्वप्नाने सुळ्याचे नाव घेतले असते तर गोष्ट वेगळी होती. हा युक्तिवाद निर्दोष आहे, आणि बाप हरतो. मात्र रक्षणासाठी तो ॲड्रास्टसला सोबत देतो. हा ॲड्रास्टस अनवधानाने स्वतःच्या भावाला मारून आलेला आश्रित. क्रीससने त्याला शुद्ध करून घरात ठेवलेले. शिकारी जनावराला वेढतात, भाले फेकतात; ॲड्रास्टसचा भाला डुकराला चुकतो आणि ॲटिसला लागतो. क्रीसस त्याला क्षमा करतो. तरीही तो ॲटिसच्या थडग्यावर स्वतःचा जीव घेतो. क्रीसस दोन वर्षे शोकात बुडून राहतो.

ही कथा दैवाच्या अटळपणाची म्हणून सांगितली जाते, आणि हिरोडोटसचाही तोच अभिप्राय आहे. आम्ही तिच्याकडे किंचित वेगळ्या दृष्टीने पाहतो. येथे आजोळ नाही, मामा नाहीत. होमरच्या कथेतील सोबती पोराच्या रक्ताचे होते. जखम बांधणारे हात तेच होते. क्रीससने सोबती दिला तो उपकाराने बांधलेला परका, ज्याच्या मनावर आधीच एका मृत्यूचे ओझे होते. पोराला घरात कोंडणाऱ्या बापाला त्याला बाहेर कसे न्यावे हे कधी शिकावे लागले नव्हते. आणि ज्या दिवशी परवानगी दिली त्या दिवशी स्वतः बरोबर जाण्याऐवजी त्याने जबाबदारी दुसऱ्याच्या हाती दिली. हिरोडोटस बापाला दोष देत नाही. पण त्याने जो तपशील निवडला आहे, विशेषतः आतल्या खोल्यांत रचलेल्या भाल्यांचा, तो वाचकाला ह्याच दिशेने नेतो.

ह्या तिन्ही ग्रीक कथांत शिकार करावी की नाही हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो विचारला कालिदासाने. 'रघुवंशा'च्या नवव्या सर्गात दशरथाचे मंत्री मृगयेला संमती देतात. चालत्या लक्ष्यावर नेम बसतो, प्राण्यांच्या भयाची व क्रोधाची चिन्हे कळतात, श्रमाने शरीर कसले जाते, असे तिचे लाभ तेथे मांडले आहेत. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकातील सेनापतीही जवळजवळ हीच यादी देतो. पोराला प्रथम रानात नेणारी माणसे कोणत्याही देशात ह्याहून वेगळे काही सांगत नाहीत. आणि कालिदास शिकारीचे सौंदर्य नाकारीत नाही. डबक्याच्या चिखलातून उठून पळालेल्या रानडुकरांचा माग दशरथ कसा काढतो, तर वाटेवर सांडलेल्या मोथ्याच्या अर्धवट चघळलेल्या कोंबांवरून आणि ओल्या पावलांच्या लांब ओळींवरून. रान पाहिलेल्या माणसाचेच हे निरीक्षण आहे. हरिणीने आपल्या अंगाने नराला झाकलेले पाहून राजा ताणलेला बाण आवरतो, हेही येथेच आहे.

परंतु सर्ग संपतो तो तमसेच्या काठी. घडा भरण्याच्या आवाजाला हत्तीचा आवाज समजून सोडलेला बाण एका तपस्व्याच्या मुलाला लागतो, आणि राजाला त्या मुलासह त्याच्या आंधळ्या आईबापांपुढे उभे राहावे लागते. ह्या मुलाला कोणी शिकारीस नेले नव्हते. तो पाणी आणावयास आला होता. मृगयेच्या गुणांच्या यादीत ज्याचा हिशेब नव्हता ते पोर कवीने अखेरीस समोर आणून ठेवले. पित्याचा शाप मिळाल्यावर दशरथ म्हणतो की ज्याने पुत्राचे मुख पाहिले नाही त्या मला हा शापही अनुग्रहच आहे. जाळलेल्या जमिनीतच बीज रुजते. बापपण त्याला येथे प्रथम भेटते, तेही दुसऱ्याच्या मेलेल्या मुलाच्या रूपाने. क्रीससच्या कथेत भाला चुकला हे दैव. कालिदासाच्या कथेत न पाहता बाण सोडला हा दोष. ग्रीक इतिहासकाराने अपघातावर सोडून दिलेली गोष्ट आपल्या कवीने मारणाऱ्याच्या पदरात घातली आहे, आणि येथे तो आम्हांस अधिक कठोर व अधिक न्यायी वाटतो.

आपल्या देशात हौसेची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली, आणि ते योग्यच झाले. रानडुक्कर मात्र शेतात येतेच. मिसियाच्या गावकऱ्यांचे गाऱ्हाणे ऊस व भुईमूग लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास समजावून सांगावे लागणार नाही. तेव्हा असल्या कथा आता कालबाह्य झाल्या काय, असे कोणी विचारील. आम्हांस तसे वाटत नाही. पोराला प्रथम जोखमीच्या जागी नेण्याचा प्रसंग भाल्याबरोबर संपलेला नाही. विहिरीत पोहावयास शिकविताना, बैल हाती देताना, रात्रीच्या राखणीस मचाणावर नेताना तो आजही येतो. मराठीत बालपणाच्या आठवणी विपुल लिहिल्या जातात. त्यांत पोराची भीती आणि पोराचा पराक्रम बहुधा असतो, पण त्याला नेणाऱ्या मामाच्या मनातील धास्ती आणि घरी थांबलेल्या आजीचा जीव आमच्या वाचनात फार कमी येतो. त्यामुळे पुष्कळ लेखन गोड असूनही एकेरी राहते.

ह्या प्रकारच्या लेखनाची पारख करताना होमरने घालून दिलेली मापे अजूनही पुरेशी आहेत, असे आमचे मत आहे. बोलावणारा कोण आणि त्याने दिलेला शब्द पाळला काय. जखम बांधणारे हात कोणाचे. आणि परतलेल्या पोराला खोदून खोदून विचारणारे घरी कोणी होते काय. सायरसला आजोबा होते, ओडिसियसला आईबाप आणि दाई होती. ॲटिस परतला नाही. तमसेकाठच्या मुलाला बाण काढून घेण्यापुरतेच आईबाप भेटले. ह्या चार मुलांपैकी ज्याची हकीकत ऐकून घेतली गेली त्याचा वण वीस वर्षांनंतरही अंधारात हाताला ओळखू आला, एवढे तरी लेखकांनी आणि समीक्षकांनी ध्यानात ठेवावे.